कार्ड की एसएसडी? रास्पबेरी पायचा बूट क्रम लावताना

एसएसडी जोडली, तिच्यावर सिस्टिम टाकली, वीज दिली आणि बोर्ड पुन्हा जुन्या मेमरी कार्डावरूनच उठला. कार्ड काढून टाकलं तर पडद्यावर काहीच नाही. रास्पबेरी पाय (एका बोर्डावर मावणारा छोटा कॉम्प्युटर) नव्याने हाताळणारा जवळजवळ प्रत्येकजण या टप्प्यावर एकदा तरी अडकतो. (मराठीत हे नाव घेतलं की कुणीतरी हमखास आपल्या पायाकडे बघतं. त्याला इलाज नाही, म्हणून पुढे मी नुसतं ‘बोर्ड’ म्हणेन.)

काही करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. आपण ज्याला ‘बूट क्रम’ म्हणतो त्यात खरं तर दोन वेगळे निर्णय असतात. पहिला निर्णय बूटलोडरचा, म्हणजे वीज मिळताच चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा: कार्ड, यूएसबी, एनव्हीएमई (वेगवान एसएसडीचा प्रकार), नेटवर्क यांपैकी कुणाच्या बूट पार्टिशनमधून (डिस्कच्या सुरुवातीसाठी राखलेल्या भागातून) सुरुवातीच्या फाइल आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, उचलायचा. दुसरा निर्णय कर्नलचा: उठल्यावर मूळ फाइल सिस्टिम, म्हणजे तुमचे प्रोग्रॅम आणि फाइल जिथे आहेत तो भाग, कुठून जोडायचा. या दोघांचं एकमेकांशी बोलणं होत नाही. बूटलोडरने एसएसडी निवडली म्हणून कर्नल एसएसडीच निवडेल, याची काहीच हमी नाही.

हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाहीये. कार्डाची हुबेहूब प्रत एसएसडीवर काढून मी पंधरा दिवस खुशीत होतो. बोर्ड एसएसडीवरून चालतोय, जरा चपळही वाटतोय! मग एकदा कार्ड उपसलं आणि चालू सिस्टिम जागच्या जागी मेली. पंधरा दिवसांचं सगळं लिखाण कार्डावरच होत होतं. चपळपणा माझ्या मनात होता.

लेखातल्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या. शक्य तिथे मेनूची वाट सांगितली आहे, ती नवख्यांना सोपी पडते.

आधी बघा, मग हात लावा

बोर्ड कसाही का होईना, कुठूनतरी उठत असेल तर पहिली आज्ञा ‘फाइंडमाउंट’ची. तिचं स्पेलिंग आखूड आहे: ‘फाइंड’ पूर्ण, आणि पुढे ‘माउंट’मधली फक्त एम, एन, टी ही अक्षरं. तिच्यापुढे जागा सोडून एक तिरकी रेघ द्या. उत्तरात मूळ फाइल सिस्टिम कुठे आहे ते दिसतं. नावात ‘एमएमसीबीएलके०’ असेल तर ते कार्ड, ‘एसडीए’ असेल तर यूएसबीवरची डिस्क, आणि ‘एनव्हीएमई०’ने सुरू होत असेल तर एनव्हीएमई. मग तीच आज्ञा बूट पार्टिशनसाठी चालवा: तिरकी रेघ, ‘बूट’, तिरकी रेघ, ‘फर्मवेअर’. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून बूट पार्टिशन या ठिकाणी जोडलं जातं. त्याआधीच्या सिस्टिमवर नुसतं ‘बूट’.

दोन्ही उत्तरांत एकच डिस्क दिसली तर घर एका छपराखाली आहे. एकीकडे कार्ड आणि दुसरीकडे एसएसडी दिसली, तर बूट क्रमाच्या आकड्याला हात लावू नका. थेट खाली जुळ्या ओळखीचा भाग आहे तिथे जा. तुमचा आजार दुसऱ्या निर्णयातला आहे.

बोर्ड उठतच नसेल तर एचडीएमआयचा पडदा जोडून बघा. चौथ्या आणि पाचव्या पिढीचे बोर्ड (रास्पबेरी पाय ४ आणि ५) बूट करण्याजोगं काही सापडलं नाही की स्वतःच निदानाचा पडदा दाखवतात. बोर्डाचं मॉडेल, बूटलोडरची तारीख आणि आत्ता कोणतं साधन तपासणं चालू आहे याच्या ओळी त्यावर येतात. बरेच जण तो पडदा बघून घाबरतात आणि केबल काढतात. काढू नका. दोन मिनिटं थांबून ओळी वाचा, मोबाइलने फोटो काढून ठेवा. बूटलोडरने एसएसडीकडे पाहिलं तरी का, हे तिथेच कळतं.

पडदा नसेल तर हिरवा दिवा मोजा. लुकलुक आणि मग थोडी विश्रांती, असा एक गट सतत फिरत राहतो. चार आखूड लुकलुकी म्हणजे सुरुवातीची फाइल सापडली नाही. सात म्हणजे कर्नल सापडला नाही. दोन लांब आणि एक आखूड म्हणजे पार्टिशन एफएटी या फाइल सिस्टिमच्या प्रकाराचं नाही. हा शेवटचा प्रकार दिसला तर बूट क्रम बहुधा ठीकच असतो. डिस्कवर सिस्टिम नीट लिहिली गेलेली नसते.

बूट क्रमाचा आकडा उलटा वाचायचा

चौथ्या पिढीपासून बूटलोडर कार्डावर नसतो, तो बोर्डावरच्या छोट्या ईईप्रॉम चिपमध्ये असतो. बूट क्रमही तिथेच साठवलेला असतो. म्हणूनच कार्ड बदललं, सिस्टिम नव्याने टाकली तरी बूट क्रम तोच राहतो. नवख्या माणसाला हे कोडं वाटतं: ‘मी सगळं पुसून नव्याने टाकलं, तरी हा तसाच कसा?’ कारण जे पुसलं त्यात ही सेटिंग नव्हतीच.

सध्याचा क्रम बघायला ‘व्हीसीजेनसीएमडी’ आणि पुढे ‘बूटलोडर_कॉन्फिग’ अशी आज्ञा द्या. येणाऱ्या ओळींत ‘बूट_ऑर्डर’ शोधा. त्याच्यासमोर शून्य-एक्सने सुरू होणारा आकडा असेल. चौथ्या पिढीच्या बोर्डावर तो बहुधा ‘एफ४१’, पाचव्या पिढीवर ‘एफ४६१’.

हा आकडा उजवीकडून डावीकडे वाचायचा. १ म्हणजे कार्ड, २ म्हणजे नेटवर्क, ४ म्हणजे यूएसबीवरची डिस्क, ६ म्हणजे एनव्हीएमई. ‘ई’ म्हणजे थांब आणि ‘एफ’ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. तेव्हा ‘एफ४१’चा अर्थ असा: आधी कार्ड बघ, नाही जमलं तर यूएसबी, तिथेही नाही तर परत कार्डापासून सुरुवात. यूएसबी आधी हवी असेल तर ‘एफ१४’. पाचव्या पिढीच्या बोर्डावर एनव्हीएमई आधी, मग कार्ड, मग यूएसबी हवं असेल तर ‘एफ४१६’.

डावीकडून वाचायची सवय इथे घात करते. एकाने ‘आधी यूएसबी, मग कार्ड, मग परत’ असं सरळ डोक्यात म्हणत ‘४१एफ’ लिहिलं होतं. बूटलोडरने पहिलंच अक्षर ‘एफ’ वाचलं, म्हणजे पहिल्या पावलालाच ‘पुन्हा सुरू कर’. बोर्ड गिरणीच्या पट्ट्यासारखा जागच्या जागी फिरत राहिला. तुमचंही असं झालं तर बोर्ड बाद झालेला नाही, सोडवायची वाट पुढे आहे.

क्रम बदलण्याच्या तीन वाटा

सोपी वाट मेनूची. टर्मिनलमध्ये ‘सुडो रास्पी-कॉन्फिग’ चालवा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा, ‘बूट ऑर्डर’ निवडा. कार्ड आधी, एनव्हीएमई-यूएसबी आधी आणि नेटवर्क असे पर्याय असतात. हवा तो निवडा, बाहेर पडा, बोर्ड पुन्हा सुरू करा. नंतर वरची आज्ञा परत चालवून आकडा खरंच बदलला का ते डोळ्यांनी बघा. मेनूने ‘झालं’ म्हटल्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

मेनूत नसलेला क्रम हवा असेल तर ‘सुडो -ई आरपीआय-ईईप्रॉम-कॉन्फिग --एडिट’. इथली ‘ई’ मोठ्या लिपीतली, बाकी सगळी लहान. संपादकात फाइल उघडते, ‘बूट_ऑर्डर’ची ओळ दुरुस्त करून जतन करायची. बदल पुढच्या सुरुवातीनंतर लागू होतो, त्यामुळे लगेच तपासलं तर जुनाच आकडा दिसेल.

तिसरी वाट बोर्ड उठतच नसताना. दुसऱ्या कॉम्प्युटरवर रास्पबेरी पाय इमेजर (कार्डावर सिस्टिम लिहिणारा प्रोग्रॅम) उघडा. सिस्टिम निवडायच्या यादीत खाली किरकोळ उपयोगाच्या इमेजचा विभाग आहे, त्यात तुमच्या पिढीच्या बोर्डाचा ‘बूटलोडर’ आणि त्यात कार्ड, यूएसबी किंवा नेटवर्क असे पर्याय मिळतात. हवा तो एखाद्या रिकाम्या कार्डावर लिहा (कार्डावरचं सगळं पुसलं जाईल), ते कार्ड बोर्डात घाला, वीज द्या. दहाएक सेकंदांनी हिरवा दिवा एकसारखा भराभर लुकलुकू लागतो आणि पडदा जोडलेला असेल तर तो पूर्ण हिरवा होतो. मग वीज काढा, कार्ड काढा. ‘४१एफ’सारखे सगळे घोळ या एका कार्डाने निस्तरतात. माझ्याकडे असं एक जुनं, छोट्या क्षमतेचं कार्ड कायम तयार असतं.

जाता जाता बूटलोडरची तारीखही बघून घ्या: ‘व्हीसीजेनसीएमडी बूटलोडर_व्हर्जन’. चौथ्या पिढीचे बोर्ड २०१९च्या जूनमध्ये आले तेव्हा यूएसबीवरून उठतच नव्हते. ती सोय सप्टेंबर २०२०च्या स्थिर बूटलोडरपासून सरसकट मिळाली. पाचव्या पिढीवर एनव्हीएमईवरून उठायचं तर बूटलोडर ६ डिसेंबर २०२३ किंवा त्यानंतरचा लागतो. कपाटात पडून राहिलेला जुना बोर्ड घेतला असेल तर आकड्याशी झटापट करण्याआधी ‘सुडो आरपीआय-ईईप्रॉम-अपडेट -ए’ चालवून बूटलोडर ताजा करा.

क्रम बरोबर आहे, तरी एसएसडी दिसत नाही

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो.

सर्वांत आधी कार्ड काढून बघा. ‘एफ४१’ असताना कार्डावर धड बूट पार्टिशन असेल तर कार्डच जिंकणार, त्यात बोर्डाची चूक नाही. बूटलोडर पुढच्या साधनाकडे जातो ते आधीच्याकडे कामाच्या फाइल सापडल्या नाहीत तरच. कार्डावर फाइल सापडल्या, कर्नल उचलला आणि तो कर्नल पुढे कुठेतरी कोसळला, तर बूटलोडर मागे येऊन यूएसबी बघत बसत नाही. त्याचं काम तिथे संपलेलं असतं. ‘कार्ड खराब झालं तर आपोआप एसएसडीवर जाईल’ या भरवशावर कुणी राहिलं असेल तर ती समजूत सोडून द्या. अर्धवट खराब कार्ड हे अजिबात नसलेल्या कार्डापेक्षा जास्त त्रास देतं.

मग वीज. चौथ्या पिढीच्या बोर्डाचे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. पाचव्या पिढीवर ५ अँपिअरचा अधिकृत क्षमतेचा चार्जर ओळखला गेला तर यूएसबीला १.६ अँपिअर मिळतात. ३ अँपिअरचा असेल तर फक्त ६०० मिलिअँपिअर. शिवाय पुरेसा चार्जर ओळखू आला नाही तर पाचव्या पिढीचा बोर्ड यूएसबीवरून उठायलाच नकार देतो. चौथ्या पिढीवर बिनबोभाट चालणारी एसएसडी नव्या बोर्डावर अचानक ‘मेली’ असं वाटतं, ते बऱ्याचदा यामुळे. बोर्ड चालू असताना ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ विचारा. शून्य आलं तर वीज ठीक. ५ आणि त्यापुढे शून्यं असं काही आलं, तर मधे कधीतरी व्होल्टेज पडलेलं आहे. चार्जर बदला किंवा डिस्कला स्वतंत्र वीज देणारा हब लावा. चार्जरचा आकडा बरोबर असून केबल बारीक असेल तरीही हेच होतं.

तिसरा संशयित म्हणजे यूएसबीतून साटाला (एसएसडीच्या जोडणीचा एक प्रकार) जोडणारा अडॅप्टर. काही अडॅप्टर उशिरा जागे होतात, काही यूएएस या वेगवान पद्धतीत अडखळतात. यूएएसचा घोळ ओळखायची खूण अशी: बूटलोडर एसएसडी शोधतो, कर्नल सुरू होतो, ओळी धावतात आणि मग मधेच तीस-तीस सेकंदांचे थांबे आणि यूएसबी रीसेटचे निरोप. म्हणजे पुन्हा दुसऱ्याच निर्णयातलं दुखणं. उपाय म्हणून बूट पार्टिशनमधल्या ‘सीएमडीलाइन’ नावाच्या मजकूर फाइलमध्ये त्या अडॅप्टरसाठी यूएएस बंद करणारी नोंद सुरुवातीला घालतात: ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स’, बरोबरचं चिन्ह, मग अडॅप्टरचे दोन ओळख-आकडे, आणि शेवटी ‘यू’ हे अक्षर. तिन्हींच्या मधे कोलन (:). ओळख-आकडे ‘एलएसयूएसबी’ आज्ञेत मिळतात. वेग थोडा कमी होतो, पण बोर्ड उठतो. अडॅप्टर बदलता येत असेल तर माझं मत सरळ आहे: बदला. वाईट अडॅप्टरची समजूत काढण्यात आयुष्य घालवू नका.

एनव्हीएमईवाल्यांसाठी एकच वेगळी बाब. पाचव्या पिढीवर जो अडॅप्टर बोर्ड आपली ओळख स्वतः सांगत नाही, त्याच्यासाठी ईईप्रॉमच्या सेटिंगमध्ये ‘पीसीआयई_प्रोब=१’ ही ओळ मोठ्या रोमन अक्षरांत घालावी लागते. नाहीतर क्रमात ६ पहिला असूनही बूटलोडर तिकडे बघत नाही. आणि ती चपटी रिबन केबल. दोन्ही टोकांच्या खटक्या उघडून, सरळ बसवून, पुन्हा दाबा. एकदा माझी केबल डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतकी तिरकी होती आणि त्यापायी मी संध्याकाळभर सॉफ्टवेअर उचकत बसलो होतो.

जुळी ओळख

आता पंधरा दिवसांच्या त्या फजितीचं कारण. ‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये ‘रूट=पार्टयूयूआयडी=’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे आठ अक्षरांचा डिस्कचा ओळखक्रमांक व पार्टिशनचा क्रमांक. कर्नल हा क्रमांक असलेलं पार्टिशन शोधतो आणि त्यालाच मूळ मानतो. कार्डाची हुबेहूब प्रत काढली की हा क्रमांकही जसाच्या तसा एसएसडीवर जातो. मग एकाच नावाची दोन माणसं दारात उभी. कर्नलला जो आधी दिसेल तो आत. कार्ड बोर्डाला जवळून जोडलेलं, ते बहुतेक वेळा आधी हजर होतं. यूएसबी अजून डोळे चोळत असते.

खात्री करायला दोन्ही साधनं लावून ‘सुडो बीएलकेआयडी’ चालवा आणि ‘पार्टयूयूआयडी’चे रकाने ताडून बघा. कार्डाचा आणि एसएसडीचा क्रमांक सारखा असेल तर चोर सापडला.

उपाय तीन आहेत, सोप्यापासून सांगतो. कार्ड कायमचं काढून ठेवा. जुळा दारातच नसेल तर गोंधळ कसला. दुसरा, डेस्कटॉपवर मिळणाऱ्या ‘एसडी कार्ड कॉपियर’ने प्रत पुन्हा काढा आणि ‘न्यू पार्टिशन यूयूआयडीज’ या चौकटीवर खूण करा. तो नवा क्रमांक देतो आणि लागतील त्या फाइलही दुरुस्त करतो. तिसरा उपाय हाताने: एसएसडीचा ओळखक्रमांक ‘एफडिस्क’मधून बदलायचा, मग एसएसडीच्याच बूट पार्टिशनमधली ‘सीएमडीलाइन’ आणि एसएसडीच्याच मूळ पार्टिशनमधली ‘एफएसटॅब’ (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) या दोन्ही ठिकाणी नवा क्रमांक लिहायचा. ‘एसएसडीच्याच’ दोनदा लिहिलं आहे, कारण घाईत माणूस कार्डावरची फाइल बदलून बसतो. आणि ‘सीएमडीलाइन’मधला सगळा मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे. वाचायला सोपं जावं म्हणून मधे एंटर मारलात तर बोर्ड उठणार नाही.

जुने बोर्ड आणि दुसऱ्या जातीचे बोर्ड

तिसऱ्या पिढीपर्यंतच्या बोर्डांत ईईप्रॉम आणि बदलता येणारी यादी नाही. तिसऱ्या पिढीच्या मूळ ३बी मॉडेलवर यूएसबीवरून उठण्याची परवानगी चिपमध्ये एकदाच लिहावी लागते आणि लिहिल्यावर ती मागे घेता येत नाही. ३बी प्लसवर ती आधीच दिलेली असते.

बीगलबोन ब्लॅक मुळात बोर्डावरच्या ईएमएमसी या साठवण-चिपवरून उठतो. कार्डावरून उठवायचा तर कार्डाजवळचं एस२ बटण दाबून धरून वीज द्यायची. नुसतं रीसेट करून चालत नाही. यू-बूट हा बूटलोडर वापरणाऱ्या इतर बऱ्याच बोर्डांवर सिरियल केबल लावून, उलटी मोजणी चालू असताना कळ दाबून थांबवता येतं आणि ‘प्रिंटएन्व्ही बूट_टार्गेट्स’ विचारलं की यादी समोर येते. ही यादी मात्र सरळ, डावीकडून उजवीकडे वाचायची.

शेवटची तपासणी

सगळं जमलं की नुसतं रीबूट करून समाधान मानू नका. रीबूटमध्ये बऱ्याचदा डिस्कची वीज जात नाही, ती जागीच असते, त्यामुळे आळशी अडॅप्टरही पास होतो. बोर्ड नीट बंद करा, केबल काढा, मिनिटभर थांबा, पुन्हा वीज द्या. असं तीन वेळा. नुसतं रीबूट चालतं आणि थंड सुरुवात फसते असं झालं तर अडॅप्टर आणि वीज यांच्याकडे परत जा. बूटलोडर यूएसबी डिस्कची डीफॉल्ट २० सेकंद वाट बघतो. फिरती हार्ड डिस्क असेल तर ‘यूएसबी_एमएसडी_डिस्कव्हर_टाइमआउट’ हा आकडा ईईप्रॉमच्या सेटिंगमध्ये वाढवता येतो. नाव मोठ्या रोमन अक्षरांत आणि आकडा मिलिसेकंदांत लिहायचा, म्हणजे २० सेकंदांसाठी २००००.

प्रत्येक थंड सुरुवातीनंतर ‘फाइंडमाउंट’ दोन्ही ठिकाणी चालवा. दोन्ही उत्तरं एसएसडीची आली की चिकटपट्टीचा तुकडा घ्या, त्यावर बूट क्रमाचा आकडा आणि आजची तारीख लिहा, आणि बोर्डाच्या डबीला खालून चिकटवा. माझ्या डबीखाली ‘एफ१४’ लिहिलंय, आणि त्याखाली एक बाण, उजवीकडून डावीकडे.